बगळ्यांचं घंगाळ

१

कॉलबेकच्या गढीतलं घंगाळ चोरीला गेल्याची बातमी आली, तेव्हा हावीसबाई बाह्या सरसावून डुकराच्या मांसाला मीठ चोळणाऱ्या नोकरांवर ओरडत होत्या. थंडीची बेगमी हातात मीठ राखून केली की पुढे मांस सडून घरभर बोभाटा होतो, हे त्यांना एकसष्ट वर्षांच्या अनुभवाने ठाऊक होतं.

निरोप्या चिखलातच गुडघ्यावर बसला. "फुल्कसाहेबांच्या बाईसाहेबांनी सांगितलंय, घंगाळ गेलं. तीन आठवडे शोधून सापडत नाही. चोर घरातलाच आहे. चार दिवसांनी राजाचा अधिकारी पंच घेऊन बसणार, त्याच्या आत आत्याबाईंनी यावं."

"घंगाळ? बगळ्यांचं?"

"तेच, बाईसाहेब."

हावीसबाईंनी हात पुसले. ते घंगाळ त्यांच्या पणजोबांनी जेरुसलेमच्या लढाईवरून आणलं होतं. दोन वीत रुंद, पितळेचं, चांदीच्या नक्षीचं, आणि तळाशी घराण्याचे तीन बगळे कोरलेले. कॉलबेकमध्ये जन्मलेल्या प्रत्येक मुलाची पहिली अंघोळ त्यात व्हायची. स्वतः हावीसबाईंची झाली होती, त्यांच्या दोन्ही भावांची झाली होती आणि थोरल्या भावाची एकुलती एक लेक इडोनिया हिचीही.

इडोनिया. गढी, गिरणी, सातशे एकर आणि नदीकाठचं कुरण, सगळ्याची ती वारस. तिने लग्न केलं ते लोकरीच्या व्यापाऱ्याच्या मुलाशी, ओस्बर्टशी. हावीसबाई त्या लग्नाला गेल्या होत्या, पण पंगतीत त्यांनी घास उचलला नव्हता. आणि आता तीन आठवड्यांपूर्वी, संत मार्टिनच्या सणाच्या आदल्या दिवशी, इडोनिया बाळंतपणात गेली. मूल मेलेलंच जन्मलं, असं कळलं. हावीसबाई तेव्हा तापाने अंथरुणाला खिळलेल्या होत्या. पोरीला मूठभर मातीही देता आली नाही.

पंच बसणार होते ते यासाठीच. कायदा जुना आणि सरळ होता. बायको वारस असेल आणि तिला झालेलं मूल चार भिंतींच्या आत एकदा तरी रडलं असेल, तर बायकोमागे तिची जमीन नवऱ्याकडे तो मरेपर्यंत राहते. मूल लगेच दगावलं तरी चालतं. पण ते रडलंच नसेल, तर नवऱ्याने टोपी उचलायची आणि घराबाहेर पडायचं. कॉलबेक मग धाकट्या भावाच्या मुलाकडे, म्हणजे फुल्ककडे जाणार होतं. दोनशे वर्षांची जमीन पुन्हा रक्ताच्या माणसाकडे. हावीसबाईंना त्यात काही वावगं दिसत नव्हतं, उलट छाती भरून येत होती.

"घोडी काढा," त्या म्हणाल्या. "आणि मीठ चोळताना हात आखडलात तर परत आल्यावर एकेकाचे कान बघते."

२

फुल्कची बायको रोहेस दारातच उभी होती. काळा झगा, कमरेला किल्ल्यांचा जुडगा. अजून पंच बसले नव्हते, पण किल्ल्या आधीच कमरेला आल्या होत्या. हावीसबाईंनी ते पाहिलं.

"आत्याबाई, बरं झालं आलात. त्या लोकरवाल्यानेच नेलंय. दुसरं कोण नेणार? बांधलं असेल एखाद्या गठ्ठ्यात आणि धाडलं असेल बापाकडे."

"पाहिलंस का नेताना?"

"पाहायला कशाला हवं? आपल्यातला माणूस ते घंगाळ चोरेल का? उद्या उठून माझ्या मुलांची मुलं होतील, त्यांची अंघोळ कशात घालू? चुलीवरच्या पातेल्यात?" रोहेसचा आवाज खरंच कापरा झाला होता. घराण्याच्या वस्तूंवर तिचा जीव होता, हे हावीसबाईंनाही कबूल होतं. तीन मुलांची आई, पण आजवर नवऱ्याबरोबर दुसऱ्यांच्या गढ्यांमध्ये पाहुण्यासारखी राहिलेली.

फुल्क मागून आला. उंच, गोरा, थेट आजोबांसारखं नाक. त्याने वाकून आत्याच्या हाताचं चुंबन घेतलं. "मी तेव्हा यॉर्कला होतो, आत्या. मला काहीच ठाऊक नाही. पण इडोनियाच्या मरणाच्या दिवशी घरात चोरी व्हावी, याची मला लाज वाटते."

रोहेसने बाळंतिणीची खोली दाखवली. पलंग, शेगडी, कोपऱ्यात बाळंतिणीला बसवायचं सुइणीचं लाकडी बसणं.

"सुईण आपलं बसणं इथेच टाकून गेली?"

"गडबडीत विसरली असेल. सॅबिना नाव तिचं. या खोलीत मी आणि ती, दोघीच होतो. बाकीच्या बायकांना मी बाहेर काढलं होतं. गर्दीने बाळंतीण घाबरते."

"आणि घंगाळ?"

"इथे. या तिवईवर. पहिल्या अंघोळीसाठी कोमट पाणी भरून ठेवलं होतं. शेजारी चांदीची मिठदाणी आणि चमचे, बाळाच्या जिभेला मीठ लावायला. आणि मग..." तिने खाली पाहिलं. "मेलेल्या मुलाला अंघोळ कसली? संध्याकाळी लक्ष गेलं तर घंगाळ नाही."

"मिठदाणी?"

"ती आहे. चमचेही आहेत."

हावीसबाई तिवईपाशी उभ्या राहिल्या. मिठदाणी मुठीत मावणारी होती. चोराने ती सोडली आणि अवजड घंगाळ उचललं.

"पाण्याचं काय झालं, रोहेस?"

"कसलं पाणी?"

"घंगाळात होतं ते. कुठे ओतलं चोराने? जमिनीवर अंथरलेलं गवत भिजलं होतं?"

"नाही, ठणठणीत कोरडं होतं. मीच तर बदलून घेतलं."

"खिडकीतून?"

"खिडकीखाली पिठाची पोती होती. ती भिजली असती तर बोंब झाली असती."

हावीसबाईंनी मान डोलावली आणि जिना उतरू लागल्या. चाळीस वर्षं त्यांनी नोकरचाकर सांभाळले होते, सर्व तऱ्हेचे चोर पकडले होते. पण भरलेलं घंगाळ पाण्यासकट चोरणारा चोर त्यांना अजून भेटलेला नव्हता.

३

ओस्बर्ट गढीत नव्हता. तो चर्चच्या उत्तरेकडच्या कुंपणाबाहेर, ओल्या गवतात खुंट ठोकत होता. पाच खुंट झाले होते, सहावा हातात होता. मध्ये हातभर लांबीचा मातीचा उंचवटा.

"हे काय चाललंय?"

"डुकरं येतात, आत्याबाई," तो उठून उभा राहत म्हणाला. "उकरतात."

"मी तुझी आत्या नाही."

"नाही. चुकलो." त्याने खुंट खाली ठेवला.

हावीसबाईंनी त्या उंचवट्याकडे पाहायचं टाळलं. बाप्तिस्मा न झालेलं मूल पवित्र जमिनीत पुरत नाहीत. ते कुंपणाबाहेर जातं, नाव नसलेलं, घंटा नसलेलं. हे सगळ्यांना माहीत होतं आणि सगळ्यांना पटलेलं होतं, फक्त ज्याचं मूल असेल त्याला सोडून.

"घंगाळ तू नेलंस?"

"मी घेऊन काय करू? माझ्याकडे अंघोळ घालायला कोण आहे?"

उत्तर उद्धट होतं. पण त्यात उद्धटपणा नव्हता, हे बाईंच्या ध्यानात आलं. त्या कुंपणाच्या दगडावर टेकल्या. "त्या दिवशीचं सांग. पहिल्यापासून."

"दिवाणखान्यात बसलो होतो. पुरुषांना वर बंदी. बाळंतीण सुटावी म्हणून घरातली सगळी कुलपं उघडली, पेट्यांची झाकणं उघडली, गाठी सोडल्या. माझ्या जोड्यांचे बंदसुद्धा सोडले. दारं सताड उघडी होती. वरून इडोनिया कण्हायची ते ऐकू यायचं. मग गढीच्या देवघराची घंटा वाजायला लागली. आणि वाजतच राहिली. काही म्हणता काही ऐकू येईना. मला वाटलं, संपलं सगळं. मी तिथेच गुडघ्यावर बसलो."

"मग?"

"घंटा थांबली. थोड्या वेळाने रोहेसबाईंनी वर बोलावलं. म्हणाल्या, मूल मेलेलं आलं. पण इडोनिया जिवंत होती! डोळे उघडे होते. माझा हात धरला तिने. एकच शब्द बोलली, 'एव्हिस.' तिच्या आईचं नाव. मरताना आईला हाक मारली बिचारीने." त्याने बाहीने नाक पुसलं. "मग गेली. आणि पुन्हा घंटा झाली."

"दोनदा घंटा झाली?"

"दोनदा."

"दुसरी इडोनियासाठी."

"हो."

"मग पहिली कोणासाठी, पोरा?"

हा प्रश्न तीन आठवड्यांत ओस्बर्टला कोणी विचारला नव्हता आणि दुःखात त्याला स्वतःलाही सुचला नव्हता.

"जमीन राहावी म्हणून मी पंचांपुढे खोटं बोलणार नाही," तो हळूच म्हणाला. "मी काही ऐकलं नाही, हेच सांगणार. जमिनीचं काय घेऊन बसलात? फक्त हिला इथून आत नेता आलं असतं, आईजवळ, तर मी उद्याच निघून गेलो असतो."

"मुलगी होती?"

"मुलगी होती."

४

घंटा ओढणारा माणूस शोधायला हावीसबाईंना लांब जावं लागलं नाही. तो भटारखान्यात वाम मासे सोलत होता. नाव ड्रोगो, पोट मोठं, तोंड त्याहून मोठं.

"मीच ओढली की! चुलीवरचा रस्सा टाकून! रोहेसबाई म्हणाल्या, वरच्या खिडकीतून रुमाल हलला की घंटा ओढ आणि पुन्हा हलेपर्यंत थांबू नकोस. बाळंतिणीला बळ येतं म्हणे. माझ्या बायकोने सात काढली, तिला कधी घंटा लागली नाही. पण मोठ्या लोकांची बळंही मोठी असतात, मी काय बोलणार?"

"घंटा ओढताना सुईण दिसली का?"

"पहिल्या वेळी नाही, नंतर. इडोनियाबाई गेल्या, दुसरी घंटा मी ओढत होतो तेव्हा. सॅबिना मागच्या दाराने निघाली, झगा गच्च लपेटून. आणि चालत कशी होती! पाय टाकते की नाही असं वाटावं! काठोकाठ रस्स्याचं भांडं घेऊन चालावं तशी. मी हाक मारली, 'अगं, पैसे घे, बसणं घे!' तिने मानसुद्धा वळवली नाही."

चोर पळतो. ही चालत गेली, थेंब सांडू नये म्हणून.

सॅबिना नदीपलीकडे बहिणीच्या झोपडीत सापडली. गढीची बाई घोड्यावरून उतरताना पाहून ती भिंतीला चिकटली. पन्नाशीची, हाडकुळी बाई. पण हात पाहण्यासारखे होते, मोठे आणि स्वच्छ.

"मी चोरी केली नाही."

"मी अजून विचारलंही नाही."

"मग विचारू नका, बाईसाहेब. मी काही बोलले तर फासावर जाईन. माझ्या काढ्याने बाळंतीण मेली, असं सांगणार आहेत त्या."

"कोण?"

सॅबिनाच्या बहिणीने चुलीवरून मान वर केली आणि पुन्हा खाली घातली.

"बरं, एवढं तरी सांग, घंगाळ कुठे आहे?"

"जिथे असायला हवं तिथे आहे," सॅबिना म्हणाली. त्यानंतर तिने भिंतीकडे तोंड केलं ते वळवलंच नाही.

हावीसबाई बाहेर आल्या. घोडीच्या खोगिराला हात लावला आणि तिथेच थांबल्या. चौतीस वर्षांपूर्वीची एक सकाळ त्यांच्यापुढे उभी राहिली होती. त्यांचा स्वतःचा मुलगा, एकुलता एक. अर्धा तास जगला. धर्मगुरू यायला वेळ नव्हता म्हणून सुइणीनेच लाकडी वाडग्यातलं पाणी त्याच्या डोक्यावर घालून त्याला नाव दिलं. आणि मग तिने तो वाडगा चुलीत घातला. हावीसबाईंनी पडल्या पडल्या विचारलं होतं, चांगला वाडगा का जाळतेस? ती म्हणाली होती, "बाप्तिस्म्याचं भांडं पुन्हा भाजीला वापरत नाहीत, बाई. लाकडाचं असेल तर जाळायचं. धातूचं असेल तर..."

हावीसबाई घोडीवर बसल्या आणि त्यांनी चर्चच्या दिशेने टाच मारली.

५

चर्चचे म्हातारे धर्मगुरू फादर अल्डविन यांना आता माणसं आवाजावरूनच ओळखू येत. डोळ्यांवर दुधाळ पडदा आला होता.

"फादर, संत मार्टिनच्या आदल्या दिवशी तुमच्याकडे एखादं भांडं आलं?"

"तू कोणाच्या वतीने विचारतेस, हावीस?"

"एका मुलीच्या."

"मी तिचीच वाट पाहतोय," ते म्हणाले. "संध्याकाळच्या प्रार्थनेला आलो तर बाप्तिस्म्याच्या कुंडाच्या झाकणावर एक भांडं, वर फडकं. आत पाणी. मला कळायला वेळ लागला नाही. कुणीतरी आडोशाला बाळंत झाली असेल, लग्नावाचून. मूल जिवंत जन्मलं, त्याला नाव मिळालं आणि गेलं. पाणी मी कुंडात ओतलं. बोभाटा करून त्या गरीब पोरीला कशाला उघडं पाडायचं? येईल कधीतरी, सांगेल, म्हणून थांबलो. तीन आठवडे रोज त्या बिननावाच्या मुलासाठी प्रार्थना करतोय."

"गढीतलं असेल असं वाटलं नाही?"

"गढीतून तर सांगितलं होतं, मूल मेलेलं जन्मलं. कॉलबेकच्या शब्दावर मी कधी संशय घेतलाय?"

हे वाक्य हावीसबाईंना थोबाडीत बसल्यासारखं लागलं.

भांडं कपाटात होतं, फडक्यात गुंडाळलेलं. हावीसबाईंनी तळाशी बोट फिरवलं. एक चोच, दुसरी, तिसरी. तीन बगळे.

त्या बाकावर घंगाळ मांडीवर घेऊन बसल्या. आता सगळं उघड होतं. रोहेसला मुलाचं रडणं दिवाणखान्यातल्या पुरुषांच्या कानांवर जाऊ द्यायचं नव्हतं, कारण राजाच्या पंचांपुढे बायकांनी ऐकलेलं धरत नाहीत. म्हणून रुमाल, म्हणून घंटा. सुइणीला तिने धमकी दिली. पण सॅबिनाने बाप्तिस्म्याचं पाणी तिथेच सोडलं नाही, ते जिवावर उदार होऊन देवाच्या दारी आणलं. रोहेसला तेवढंच कळलं नाही. तिला वाटलं, घंगाळ चोरीला गेलं. घराण्याच्या अभिमानाने तिनेच आरडाओरडा केला आणि तिनेच आत्याबाईंना बोलावलं.

रोहेसखेरीज आता हे कोण जाणत होतं? एक आंधळा धर्मगुरू, ज्याला बगळे दिसले नव्हते. एक सुईण, जी बोलणार नव्हती. आणि हावीसबाई. त्यांनी फडकं पुन्हा गुंडाळलं असतं तर कॉलबेक फुल्ककडे गेलं असतं, आजोबांच्या नाकाच्या माणसाकडे. त्यांनी खरं सांगितलं तर एक लोकरवाला मरेपर्यंत त्यांच्या बापाच्या खुर्चीत बसणार होता.

हावीसबाईंना आपल्या घराण्याचा फार अभिमान होता. आमच्या लोकांनी जमीन तलवारीने मिळवली, लग्नाने मिळवली, एकदोनदा निव्वळ भांडखोरपणानेही मिळवली, असं त्या भर पंगतीत सांगायच्या. पण तान्ह्या पोरीचा श्वास चोरून कधी मिळवली नव्हती. ती सुरुवात त्या आपल्या हयातीत होऊ देणार नव्हत्या.

"फादर," त्या म्हणाल्या, "हे मी उद्या दुपारपुरतं नेते. यात थेंबभर पाणी पडू देणार नाही, शपथ घेते."

६

पंच बसायच्या आधी जेवण होतं. नाताळाआधीच्या आगमनकाळाचा उपास, त्यामुळे मांस नाही, पण ड्रोगोने वाम माशांत जीव ओतला होता. दिवाणखान्यात परगण्यातले बारा जमीनदार, मधोमध राजाचा अधिकारी, एका टोकाला ओस्बर्ट, कोणी न बोलावलेल्या माणसासारखा. फादर अल्डविन शेगडीपाशी बसले होते.

हात धुवायची वेळ झाली तेव्हा हावीसबाई स्वतः आत आल्या. डाव्या हातावर घंगाळ, उजव्या हातात सुरई.

"सापडलं!" फुल्क उठून उभा राहिला. "आत्या, शाब्बास!" पंचांनी टेबलं वाजवली. कॉलबेकचं घंगाळ सगळ्यांनाच माहीत होतं.

"सापडलं," हावीसबाई म्हणाल्या. "अधिकारीसाहेब, पहिला मान तुमचा. पण आज घरच्यांना देऊ द्या. रोहेस, तू शोधायला सांगितलंस. तू आधी. हात पुढे कर."

रोहेस घंगाळाकडे पाहत होती. "कुठे... कुठे सापडलं?"

"चर्चमध्ये. बाप्तिस्म्याच्या कुंडावर होतं, पाण्यासकट."

रोहेसच्या चेहऱ्यावरचा रंग उडाला. आत्ता तिला सगळं कळलं.

"हात कर ना."

"माझे... माझे स्वच्छ आहेत."

"राहू दे तिचे. माझ्यावर घाल, आत्या," फुल्क हसत म्हणाला आणि त्याने दोन्ही हात घंगाळावर धरले. त्याला खरोखरच काही ठाऊक नव्हतं. हावीसबाईंनी सुरई उचलली. तिच्यात पाणी नव्हतं, पण ते त्यांनाच माहीत होतं.

"नको!" रोहेसने झडप घालून नवऱ्याची मनगटं धरली. "फुल्क, नको! पाप लागेल!"

"पाप कसलं गं?" हावीसबाईंनी शांतपणे विचारलं. "मूल मेलेलं जन्मलं असेल, तर हे पितळेचं भांडं आहे. रोज धुतो तसे हात धुवा. ज्यात जिवंत मुलाचा बाप्तिस्मा झालाय, त्यातच फक्त हात धुवत नाहीत. सांग या सगळ्यांना, कोणतं आहे हे?"

रोहेस खाली बसली. फुल्कची मनगटं तिने सोडली नव्हती. "रडली ती," ती म्हणाली. "एकदाच. मांजराच्या पिल्लासारखी. तेवढ्यासाठी माझ्या मुलांनी जन्मभर दुसऱ्यांच्या दारात राहायचं? थोड्या वेळात गेली हो ती! मी तिला काही केलं नाही, देवाशपथ काही केलं नाही. सॅबिनाने पाणी घातलं तेव्हा मी खिडकीशी रुमाल हलवत होते, मला दिसलंच नाही, की ते घंगाळातलं..."

अधिकाऱ्याने घसा खाकरला. "बाई, हे सगळं खरं असेल. पण कायदा म्हणतो, रडणं पुरुषांनी ऐकलेलं हवं. बायकांची साक्ष मला लिहिता येत नाही."

"फादर पुरुष आहेत. पाणी त्यांच्या हाताने कुंडात गेलं," हावीसबाई म्हणाल्या. "आणि ही आत्ता बोलली, ते तुम्ही तेराजणांनी ऐकलंत ना? का अजून घंटा वाजतेय?"

कोणीतरी हसलं आणि लगेच गप्प झालं. अधिकारी लाल झाला. त्याने पंचांकडे पाहिलं, पंचांनी फुल्ककडे पाहिलं. त्याच्या होकारावर सातशे एकर जमीन होती, गिरणी होती, नदीकाठचं कुरण होतं. त्याने नुसतं म्हटलं असतं, "बायको दुःखाने भ्रमिष्ट झालीय," तर निम्म्या पंचांनी मान डोलावली असती.

फुल्कने बायकोचा हात हळूच सोडवला आणि तो ताठ उभा राहिला.

"लिहा," तो म्हणाला. "मूल जिवंत जन्मलं आणि चार भिंतींत रडलं. फुल्क कॉलबेक सांगतो. मी पुरुष आहे, आणि या जमिनीवर माझ्याशिवाय दुसऱ्या कोणाचा दावा नाही. तो मी सोडला." मग तो ओस्बर्टकडे वळला. "या घरात तुझ्यावर अन्याय झाला. त्याची माफी मी मागतो."

हावीसबाईंनी घंगाळ टेबलावर ठेवलं. दोनशे वर्षांत कॉलबेकच्या कोणा पुरुषाने इतकी जमीन एका वाक्यात सोडली नव्हती. आणि हा त्यांचा भाचा होता! त्यांना त्याचा इतका अभिमान वाटला की भर पंगतीत त्यांच्या डोळ्यांतून पाणी आलं आणि ते त्यांनी पुसलंही नाही.

७

दुसऱ्या दिवशी सकाळी सहाही खुंट उपटले गेले. ओस्बर्टने कोणाला फावडं धरू दिलं नाही. सुताराने ओकची पेटी केली होती. चर्चचा दरवाजा उघडा होता आणि आत, इडोनियाच्या शेजारची फरशी उचलली होती.

सॅबिना कुंपणापाशी उभी होती. फुल्क स्वतः जाऊन तिला घेऊन आला होता. तिचं बसणं आणि तिचे पैसेही त्यानेच आणले होते. रोहेस आली नव्हती. ती देवघरात गुडघ्यावर होती.

फादर अल्डविननी पुस्तक उघडलं, जरी त्यांना त्यातलं काही दिसत नव्हतं. "नाव हवं," ते म्हणाले. "तीन आठवडे मी बिननावाची प्रार्थना केली. आता नाव सांगा."

ओस्बर्टने मान खाली घातली. "मला माहीत नाही, फादर. मला कोणी सांगितलं नाही."

"सांगितलं होतं की," सॅबिना पुढे आली. "बाईंनीच नाव सुचवलं, मी पाणी घालताना. आणि तुम्ही वर आलात तेव्हा त्यांनी सगळा जीव गोळा करून तुम्हालाच सांगितलं. मी पायाशी उभी होते. एव्हिस."

ओस्बर्ट पेटीजवळ बसला, दोन्ही तळवे झाकणावर ठेवून, आणि पहिल्यांदा मोठ्याने रडला. तीन आठवडे त्याला वाटलं होतं, इडोनिया मरताना त्याला काही न सांगता आईला हाक मारून गेली.

ड्रोगो गढीच्या घंटेपाशी आधीच पोचला होता. कोणी रुमाल हलवला नाही, तरी त्याने घंटा ओढली.

ओस्बर्ट उठला. पेटी इतकी लहान होती की एका माणसालाही जड नव्हती. तरी तो थांबला आणि त्याने मागे वळून पाहिलं.

"आत्याबाई," तो म्हणाला, "जरा हात लावता?"

हावीसबाई चिखलातून पुढे आल्या आणि त्यांनी पेटीची दुसरी बाजू धरली.